लॉट थांबवा

श्रद्धा ओव्हाळनं मेल पाठवली आणि ती उत्तराची वाट बघत बसली. उत्तर माणसाकडून यायचं नव्हतं. चाकणच्या गाडी कंपनीत एक प्रोग्रॅम होता. तळवड्याहून आलेली मेल तो उघडायचा, तिच्यातले आकडे आपल्याकडे उतरवून घ्यायचा आणि लगेच एका शब्दाचं उत्तर धाडायचा, ‘मिळाली’. एरवी हे उत्तर इतक्या झटकन यायचं की श्रद्धा त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. आज ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती, आणि उत्तर येत नव्हतं.

तळवड्यातल्या त्या शेडमध्ये छोट्या मालवाहू टेंपोंना लागणारे ब्रेकचे रबरी पाइप तयार व्हायचे. मालकीण इंदुताई. नवरा गेल्यावर त्यांनी एका मशीनवर सुरू ठेवलेला धंदा आता दोन शिफ्टमध्ये चालत होता, आणि तो जवळजवळ सगळा चाकणच्या त्या एका कंपनीच्या जिवावर. शेडमध्ये बहुतेक बायकाच होत्या. श्रद्धा कॉम्प्युटर आणि डिस्पॅच बघायची. पाइपांचा एक लॉट झाला की तपासणीच्या मशीनवरचा प्रोग्रॅम त्याचा निकाल लिहायचा, तो निकाल आपोआप मेलनं चाकणला जायचा आणि तिकडचा प्रोग्रॅम मेल वाचून त्या लॉटला ‘पास’ करायचा. पास झाल्याशिवाय एकही पाइप गाडीला लागत नसे. दोन कंपन्यांचे दोन प्रोग्रॅम, एकाचं दुसऱ्याला कळत नाही, त्यांना जोडणारी ही मेलच तेवढी होती. ती जोडणी श्रद्धानं चाकणच्या लोकांबरोबर बसून करून घेतली होती आणि तिला तिचा अभिमानही होता.

त्या सकाळी नूरमोहम्मद तपासणीच्या मशीनवर आला. पन्नाशी ओलांडलेला, चिंचवडला राहणारा माणूस, शेडमध्ये सगळे त्याला नूरचाचा म्हणायचे. त्यानं मशीन सुरू करण्याआधीच बघितलं की दाबाचा काटा शून्यावर नाही. मशीन बंद, पाइप लावलेला नाही, तरी काटा वर अडकून बसलेला. त्यानं काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. म्हणजे पाइप गळका असला तरी मशीनला दाब पूर्णच दिसत असणार. मग त्यानं कालच्या दुसऱ्या शिफ्टच्या लॉटमधले मागे राहिलेले पाइप उचलले आणि जुन्या मशीनवर एकेक करून तपासले. पहिला चांगला निघाला. दुसऱ्याच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीखालून तेल झिरपलं. तिसऱ्याची टोपी दाब चढताच सुटून भिंतीवर जाऊन आदळली.

तो तसाच हातात पाइप घेऊन श्रद्धाच्या टेबलापाशी आला.

“कालचा लॉट गेला का?”

“रात्रीच गेला. का हो?”

त्यानं पाइप टेबलावर ठेवला. “हे ब्रेक मारल्यावर सुटणार, बेटा.”

श्रद्धानं लगेच त्या लॉटची नवी मेल केली. लॉटचा नंबर तोच, निकालाच्या जागी ‘नापास, थांबवा’. पाठवली. आणि आता उत्तर येत नव्हतं. तिनं पुन्हा पाठवली. मग एकाएकी तिच्या लक्षात आलं.

मागच्या वर्षी नेट अडखळून काही मेल दोनदा गेल्या होत्या. चाकणच्या प्रोग्रॅमनं तोच माल दोनदा मोजला आणि मोठा घोळ झाला. तेव्हापासून नियम ठरला होता, एका लॉटची एकच मेल धरायची, त्याच नंबरची दुसरी आली तर न उघडता टाकून द्यायची. काल रात्री ‘पास’ची मेल गेली होती. आज ‘नापास’ची गेली, ती प्रोग्रॅमच्या लेखी कालचीच मेल पुन्हा आलेली. कितीही वेळा पाठवली तरी ती उघडली जाणार नव्हती. आणि त्या पत्त्यावरची मेल माणूस कधी वाचतच नसे.

तिनं फोन उचलला. चाकणच्या स्टोअरमध्ये सनी नावाचा माणूस होता. मालाचं काही अडलं की श्रद्धा त्याच्याशीच बोलायची, दोन वर्षं बोलत होती, पण भेट कधी झाली नव्हती. त्याचा मोबाइल लागेना. आत गाड्या जोडायच्या लाइनवर मोबाइल न्यायला बंदी होती, सगळ्यांचे फोन गेटवर जमा असायचे. टेबलावरचा फोन बराच वेळ वाजल्यावर एका मुलीनं उचलला.

“सनी सर लाइनवर आहेत, मॅडम. काय काम होतं?”

“कालचा ब्रेक पाइपचा लॉट थांबवायचाय. खराब आहे. लगेच थांबवायला लागेल.”

बटणं दाबल्याचा आवाज आला. “मॅडम, सिस्टिमला पास दाखवतंय.”

“सिस्टिमला चुकीचं दाखवतंय. आमचाच निकाल चुकला होता. तुम्ही कुणाला तरी सांगा, लाइनवर जाऊन सांगा.”

“मला लाइनवर जाता येत नाही. तुम्ही नापासची मेल टाका ना, म्हणजे आपोआप थांबेल.”

“टाकली. ती घेत नाहीये.”

“मग इथं काही दिसणार नाही, मॅडम,” ती मुलगी म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला जेवढं दिसत होतं तेवढं ती सांगत होती. क्वालिटीचे मोठे साहेब कुठं आहेत, असं श्रद्धानं विचारलं. बाहेरून तपासणीला पाहुणे आलेत, साहेब त्यांच्याबरोबर बंद खोलीत आहेत, असं उत्तर आलं. श्रद्धानं पुन्हा फोन लावला तेव्हा कुणी उचललाच नाही.

इंदुताई केबिनमध्ये होत्या. श्रद्धानं सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तो सुटलेला पाइप हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

“किती पाइप असे निघतील?”

“सांगता येत नाही, ताई. आपण तीन बघितले, त्यातले दोन गेले.”

“मी त्यांच्या खरेदीच्या साहेबांना लावते. तू घाबरू नकोस. आणि बाहेर कुणाला बोलू नकोस इतक्यात.”

त्या फोन लावत राहिल्या. पलीकडून कुणी घेईना. श्रद्धा थोडा वेळ दारात उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढं चाकणची लाइन येत होती. ती तिनं कधी बघितली नव्हती, पण तिथं एकामागून एक टेंपो सरकत असतील, कुणीतरी खोक्यातून पाइप काढून चाकाशी बसवत असेल, पान्यानं आवळत असेल. प्रत्येक मिनिटाला एक. ती मागे वळली. पाइप पिशवीत भरले आणि नूरमोहम्मदला म्हणाली, “चाचा, गाडी काढता का? चाकणला जाऊ.”

मोईच्या पुलावरून निघोज्याच्या रस्त्याला लागेपर्यंत बरं होतं. पुढं कंटेनरची रांग लागली. नूरमोहम्मद मोटरसायकल कडेच्या मातीतून काढत होता, मागे श्रद्धा पिशवी पोटाशी धरून एका हातानं सनीचा नंबर फिरवत होती. “बंद आहे,” दर वेळी तोच आवाज. महाळुंग्याच्या चौकात एक ट्रक आडवा लागलेला. हॉर्न वाजत होते, कुणी हलत नव्हतं. एक पांढरा टेंपो त्यांच्या शेजारी थांबलेला होता, मागे कोबीची पोती, पुढं ड्रायव्हरच्या बाजूला एक बाई मांडीवर लेकराला घेऊन बसलेली. गाडी जुनी होती, तिचे पाइप जुने होते, त्या लॉटशी तिचा काही संबंध नव्हता. तरी श्रद्धाला तिच्याकडे बघवेना.

“चाचा, चालत जाऊ का?”

“चालत पोचशील का तू? बस गप,” नूरमोहम्मद म्हणाला आणि गटाराच्या कडेनं गाडी घातली.

कंपनीच्या गेटवर रखवालदारानं अडवलं. गेट पास लागतो. पास आतला माणूस कॉम्प्युटरवर करतो. आतला माणूस कोण? सनी. सनीला बोलवायचं कसं? फोन लावून. रखवालदारानं केबिनमधून फोन लावला, कानाला धरून उभा राहिला आणि ठेवून दिला.

“कोणी घेत नाही. बसा तिकडं झाडाखाली.”

“भाऊ, बसायला वेळ नाही. आतमध्ये ब्रेकचे पाइप लागतायत ते खराब आहेत. हे बघा,” श्रद्धानं पिशवी उघडून दाखवली.

रखवालदारानं बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. “ताई, मला कळतंय तुम्ही काय म्हणता ते. पण पासशिवाय आत सोडलं तर उद्या मी इथं नसतो. साहेबांना निरोप देतो. गेटवर जेवायच्या सुट्टीत येतील.”

जेवायच्या सुट्टीला अजून बराच वेळ होता.

तेवढ्यात दुसरं गेट उघडलं आणि एक लांब ट्रेलर बाहेर आला. दोन मजली, वरखाली नवेकोरे टेंपो बांधलेले, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेले. श्रद्धा काही विचार न करता धावली आणि ट्रेलरच्या पुढं जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मरायचंय का?”

“दादा, या गाड्या नेऊ नका. यांचे ब्रेक बरोबर नाहीत.”

“माझ्याकडं कागद आहेत, सगळं पास आहे. बाजूला व्हा.”

त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मागे दुसरा ट्रेलर लागला, त्यानंही हॉर्न धरला. रखवालदार धावत आले आणि त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. नूरमोहम्मद मध्ये पडला, “हात लावू नका तिला,” म्हणाला, त्यालाही ढकललं. दोन्ही ट्रेलर एकामागोमाग वळून नाशिक रस्त्याच्या दिशेनं निघून गेले. श्रद्धा धुळीत उभी राहून बघत राहिली. त्यातल्या कुठल्या गाडीला रात्रीचा पाइप लागलाय आणि कुठल्या नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ती कुंपणापाशी खाली बसली. तिचे वडील साहेबराव पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर राबले होते. एकदा प्रेसवर एका माणसाचा हात गेला तेव्हा ते किती दिवस जेवले नव्हते, हे तिला आठवलं. मशीन थांबवायचं बटण आपल्यापासून चार पावलांवर होतं आणि आपण पोचलो नाही, एवढंच ते म्हणायचे.

थांबवायचं बटण. लाइन थांबते कशानं? श्रद्धा आठवू लागली. सनी एकदा फोनवर हसत सांगत होता. भोसरीच्या एका पुरवठादारानं मेलमध्ये चुकून दोन शून्यं जास्त टाकली. एवढा माल मागितलाच नव्हता, त्यामुळं प्रोग्रॅमनं त्या पुरवठादाराचा सगळा माल कुलूपबंद केला, लाइनवरचा सुद्धा, भोंगा वाजला आणि सगळे साहेब धावत सुटले. कुणीतरी फसवतंय असं वाटलं की प्रोग्रॅम हेच करतो, सनी म्हणाला होता. खरं सांगितलं तर तो ऐकत नव्हता. खोटं सांगितलं तर ऐकेल.

शेडची मेल तिच्या मोबाइलवरही होती. तिनं नवा लॉट नंबर लिहिला, जो कुठं नव्हताच. पाइपांची संख्या लिहिली, नऊ आणि त्यापुढं शून्यं, हात थांबेपर्यंत. पाठवायच्या आधी तिनं इंदुताईंना फोन केला.

“ताई, मी खोटा आकडा पाठवतेय. त्यानं आपला सगळा माल अडकेल आणि लाइन थांबेल.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग इंदुताई म्हणाल्या, “नको. ऐक माझं. करारात स्पष्ट लिहिलंय, खोटी माहिती दिली की काम बंद. आपला तर सगळा धंदाच त्यांच्यावर आहे. मी अजून फोन लावतेय. अर्धा तास थांब.”

“अर्ध्या तासात अजून गाड्या जातील, ताई.”

“श्रद्धा, शेडमधल्या बायकांचा विचार कर. नको पाठवू.”

फोन बंद झाल्यावर ती नूरमोहम्मदकडे बघत राहिली. “चाचा, पाठवली तर आपलं काम जाईल बहुतेक.”

“मला कशाला विचारतेस?” तो म्हणाला. “मी म्हातारा झालो. दुसऱ्या शिफ्टच्या शालनबाईला विचारायला पाहिजे, तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. पण ती इथं नाही.” तो बाजूला जाऊन कुंपणाच्या जाळीला टेकून उभा राहिला. तिच्याकडे पाठ करून.

श्रद्धानं बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं. ‘मिळाली.’

काही क्षण काहीच झालं नाही. मग आत कुठंतरी भोंगा वाजायला लागला, लांब, न थांबणारा. लाइनवरून येणारी मशीनची घरघर एकेक करून बंद पडत गेली. रखवालदार केबिनमधून बाहेर येऊन आत बघायला लागले. फोन वाजले. थोड्या वेळानं आतल्या रस्त्यावरून माणसं घाईघाईनं येताना दिसली. पुढं एक टाय लावलेला माणूस, मागे हेल्मेट घातलेला एक बारीक, चष्मेवाला पोरगेलासा माणूस.

“तळवड्याचं कोण आहे इथं?” टायवाल्यानं विचारलं.

“मी.”

चष्मेवाला थबकला. आवाजावरून त्यानं ओळखलं. “श्रद्धा मॅडम?”

“सनी सर, कालचा लॉट खराब आहे. ब्रेकचे पाइप सुटतायत.”

“नऊ कोटी पाइप पाठवल्याची मेल तुमची?” टायवाला मध्येच म्हणाला.

“हो.”

“चुकून?”

“नाही. मुद्दाम. खरी मेल तुमचा प्रोग्रॅम उघडत नव्हता आणि फोन कुणी घेत नव्हतं.”

त्या माणसाच्या कपाळाची शीर फुगली. लाइन थांबल्याचा अर्थ काय होतो, पाहुण्यांसमोर काय शोभा झाली, हे तो वरच्या पट्टीत सांगत राहिला. श्रद्धा ऐकत राहिली. नूरमोहम्मदनं पिशवी उचलली आणि त्यातले पाइप रखवालदाराच्या टेबलावर एकेक करून मांडले. “साहेब, बोलणं नंतर करा,” तो म्हणाला. “आधी एक तपासून बघा. तुमच्याच मशीनवर.”

टायवाल्यानं रखवालदाराला खुणेनंच त्यांना आत सोडायला सांगितलं. सनीनं लाइनवरच्या खोक्यातले पाइप आणले. टायवाला, श्रद्धा आणि नूरमोहम्मद आतल्या तपासणीच्या खोलीत उभे राहिले. पहिले काही पाइप चांगले निघाले. टायवाल्यानं श्रद्धाकडे रोखून बघितलं. एक क्षण तिला वाटलं, आपण उगाच हे सगळं केलं. मग पुढच्या पाइपाची टोपी सुटली, त्याच्या पुढच्याचीही. तेलाचा फवारा काचेवर उडाला.

त्यानंतर कुणी तिच्यावर ओरडलं नाही. टायवाला फोनवर धावला. यार्डात उभ्या गाड्या थांबवल्या. सकाळी गेलेल्या ट्रेलरना फोन गेले. पहिला राजगुरुनगरच्या अलीकडं सापडला, रस्त्याच्या कडेला थांबला. दुसऱ्याचा ड्रायव्हर फोन उचलत नव्हता.

ती वाट बघणं सगळ्यांत वाईट होतं. गाड्या ट्रेलरवर बांधलेल्या असतात, त्या चालत नाहीत, हे श्रद्धाला कळत होतं. पण नाशिकला पोचून उतरवल्या, कुणी ताब्यात घेतल्या, घाटात चालवल्या, तर? तिचं मन थांबत नव्हतं. सनीनं तिला चहा आणून दिला, तो तिच्या हातात गार झाला. “सापडेल, मॅडम,” तो म्हणायचा आणि पुन्हा फोन लावायचा. दुपार कलल्यावर मंचरच्या पुढं एका ढाब्यावर ट्रेलर उभा दिसला. ड्रायव्हर जेवून केबिनमध्ये झोपला होता, फोन चार्जिंगला लावून. सगळ्या गाड्या परत आल्या. कुणाला काही झालं नाही.

परत येताना नूरमोहम्मद आणि श्रद्धा फारसं बोलले नाहीत. पुलावर तो एवढंच म्हणाला, “बरं झालं.” पण ते त्यानं कशाबद्दल म्हटलं, हे तिला नीट कळलं नाही.

काही दिवसांनी इंदुताईंना चाकणहून मेल आली. ही माणसानं लिहिलेली होती. पाइपांबद्दल तिच्यात एक ओळ होती, खोट्या माहितीबद्दल चार. पुरवठा तूर्त बंद. पुन्हा सुरू करायचा असेल तर तपासणीची सगळी व्यवस्था बदलावी लागेल आणि खोटी मेल पाठवणारी व्यक्ती कामावर असता कामा नये. टायवाल्यानं फोनवर इंदुताईंना खासगीत सांगितलंही, की तुमची ती बाई होती म्हणून आमच्या गाड्या वाचल्या, पण वरचे ऐकत नाहीत. वरच्यांना कुणावर तरी कारवाई झालेली दाखवायला लागते.

दुसरी शिफ्ट बंद झाली, पहिलीला इतरांचं किरकोळ काम तेवढं उरलं. इंदुताईंनी श्रद्धाला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“तू मला विचारायला हवं होतंस,” त्या म्हणाल्या.

“विचारलं होतं, ताई.”

“मी नको म्हटलं होतं.”

“हो.”

इंदुताई खिडकीतून शेडकडे बघत राहिल्या. अर्ध्या मशीन झाकून ठेवल्या होत्या. “पुन्हा विचारलं असतंस तरी मी नकोच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “आणि ते टेंपो रस्त्यावर गेले असते. हे मला रोज सकाळी उठल्यावर आठवतं.” मग त्यांनी डोळे पुसले आणि शेवटच्या हिशेबाचं पाकीट पुढं केलं. श्रद्धानं ते घेतलं. भांडावं असं तिला वाटत होतं, पण कुणाशी भांडायचं ते सुचेना.

संध्याकाळी ती बसथांब्यावर आली तेव्हा शालनबाई तिथं उभ्या होत्या. दुसऱ्या शिफ्टमध्ये पाइपांना टोप्या बसवायच्या. आता त्यांना काम नव्हतं, शेडमध्ये काही मिळतंय का ते विचारायला आल्या होत्या आणि रिकाम्या हातानं परत निघाल्या होत्या.

“शालनबाई,” श्रद्धा म्हणाली.

शालनबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “तुमचं बरोबर होतं, असं सगळे म्हणतात,” त्या म्हणाल्या. “असेलही. पण आता मी काय करू, ते कुणी सांगत नाही.”

बस आली. दोघी चढल्या. शालनबाई पुढं जाऊन खिडकीपाशी बसल्या. शेजारची जागा रिकामी होती. श्रद्धा काही वेळ मधल्या दांड्याला धरून उभी राहिली, मग मागे जाऊन बसली.